गजभियेचं कॅलिपर

आमचा गजभिये लग्नाला गेला की वधूवरांकडे बघण्याआधी पुरणपोळीची जाडी मोजतो. खिशातून कॅलिपर काढतो, पोळी त्यात धरतो आणि वाढणाऱ्या बाईंना सांगतो, "पुरन कमी पडून राहिलं वं ताई." सगळे हसतात. मी हेच केलं असतं तर मला पंगतीतून उठवलं असतं.

नागपुरातल्या एका पशुवैद्यकीय संस्थेत आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो. गाईगुरांचा क्षय हरणांत कसा पसरतो हे पाहण्याचा प्रयोग आला, तेव्हा प्रमुख तो झाला आणि मी मदतनीस. उद्घाटनाला पाहुण्यांनी समई पेटवली, बँड वाजला, चितळं घाबरून जाळीवर आदळली. पाहुण्यांना ते स्वागत वाटलं.

कॅलिपर त्या प्रयोगाचंच. चितळाच्या मानेवरचे केस भादरायचे, कातडीची घडी मोजायची, चाचणीची सुई टोचायची आणि तीन दिवसांनी सूज मोजायची. मला पाहिलं की कळप उधळायचा. गजभिये फाटकातून "आलो बाप्पा, आलो!" म्हणाला की तीच चितळं चालत येऊन मान पुढे करायची. मास्क, चष्मा, पांढरा पोशाख दोघांचा सारखाच. पाठीवरची नावं तेवढी वेगळी.

"माझ्यापासून का पळतात रे?"

"तू सायबावानी चालतं ना गा. जरा ढोरावानी चाल."

चालून पाहिलं. तरी पळाली.

प्रयोगाचा शेवट पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. लागण केलेलं प्रत्येक चितळ भूल देऊन संपवायचं आणि फुप्फुसं तपासायची. तो दिवस जवळ आला तसा गजभिये पोळ्या मोजेनासा झाला.

त्या सकाळी म्हणाला, "तुझा पोशाख दे मले."

"कशाला?"

"मले ओळखून जवळ येतील ना गा. आज पळाले पाहिजे."

आम्ही पोशाख बदलले. तो माझ्यासारखा ताठ चालत, तोंडातून शब्द न काढता आत गेला. कळप उधळला. मला, का लपवू, बरं वाटलं.

मग एक म्हातारी मादी थांबली. हुंगत हुंगत परत आली आणि त्याच्यापुढे मान करून उभी राहिली.

त्याचा हात सवयीने खिशात गेला. कॅलिपर त्याच्या पोशाखात होतं, म्हणजे माझ्याकडे. मग त्याने तिची कातडी दोन बोटांत धरली, मोजायची असावी तशी, आणि बराच वेळ सोडली नाही.

माझ्या पोशाखाजवळ चितळ आपणहून आलं ते तेवढं एकदाच.