लवकर कर

ग्रंथालयातल्या संगणकाची वायर मावशीने तिसऱ्यांदा उपटली, तेव्हा भाच्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं मावशी, चालू होता तो!"

"चालू? पाच मिनिटं मख्खासारखा बसला होता. हलेना की बोलेना. मेला वाटलं, म्हणून काढली."

बारा हजार पुस्तकांची यादी जुळवताना भाच्याचा प्रोग्राम इतका बुडून जाई, की पडद्याकडे बघायलाही त्याला फुरसत नसे. ग्रंथपाल मावशीनेच अध्यक्षांपाशी शब्द टाकून हे काम भाच्याला मिळवून दिलं होतं. चार वाजता अध्यक्ष यादी बघायला येणार होते. ती निघाली नाही, तर भाच्याचं काम जाणार आणि मावशीची मान खाली जाणार.

भाच्याने प्रोग्रामला वळण लावलं. दर शंभर पुस्तकांनंतर मान वर करायची, कुणी हाक मारतंय का बघायचं. पडदा जिवंत राहिला, बटणं दबू लागली. दबतात म्हटल्यावर मावशीने 'यादी काढा' अकरा वेळा दाबलं. प्रोग्राम बिचारा आज्ञाधारक. पहिली यादी अर्धवट टाकून दुसरी, ती टाकून तिसरी. दोन वाजले तरी एकही धड निघाली नव्हती.

"अकरा वेळा कशाला दाबलंस?"

"एका हाकेत तू तरी कधी उठलायस?"

काम चालू असताना ते बटण दबणारच नाही, अशी भाच्याने सोय केली. बटण फिकट पडलेलं पाहून मावशीचा हात पुन्हा वायरकडे गेला. तो वरच्यावर धरून भाच्याने शेजारी दुसरं बटण बसवलं, 'लवकर कर'. दाबलं की पडद्यावर यायचं, 'हो मावशी, करतोय.' त्यापलीकडे ते बटण काही म्हणजे काही करत नव्हतं. हे अर्थात त्याने मावशीला सांगितलं नाही.

तीनला यादी पुन्हा लावली. मावशी दाबत बसली.

"बघ, आता कसा पळतोय!"

चारच्या ठोक्याला अध्यक्ष आले, खुर्ची ओढून बसले. यादी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर आली आणि रेंगाळली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. त्या बटणात काय आहे, हे खोलीत एकट्या भाच्यालाच ठाऊक होतं. तरी त्याचं बोट पुढे गेलं.

'हो मावशी, करतोय.'

"हा कुणाशी बोलतोय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्याशी," मावशी म्हणाली. मग भाच्याकडे वळून, "असं नाही रे, जोरात दाब. हळू दाबलेलं कळत नाही त्याला."

भाच्याने जोरात दाबलं. प्रिंटर घरघरला आणि यादीचं पहिलं पान बाहेर आलं.

"बघितलंस?" मावशी म्हणाली.

भाच्याने मान डोलावली. त्या क्षणी त्याला ते अगदी मनापासून पटलं होतं.