डवऱ्यामागचा टँगो

टँगो म्हणजे काय, हे केनवडच्या जगदेवला मंगळवारपर्यंत ठाऊक नव्हतं. बुधवारी तो त्यातला जाणकार झाला होता! पुण्याहून लेकीने, वैजयंतीने, फोनवर सांगितलं, "बाबा, हा परदेशी नाच हाये. दोघायनं एकमेकाले धरून नुसतं चालाचं. रविवारी आमच्या कार्यक्रमात तुमी अन आई नाचा नं!"

"चालाचंच हाये नं? अवं, जन्म गेला माहा पिकातलं तन काढत बैलाच्या डवऱ्यामांगं चालण्यात! आईले घेऊनच येतो!"

बोलून तर बसला, पण खरी अडचण वैजूची आई, म्हणजे त्याची बायको रंगूबाईच होती. ती म्हणाली, "एकडाव करून पाहतो. जमलं नाही तं तुमी एकटेच जा." आता ती आली नाही तर पोरगी हिरमुसणार, या काळजीने जगदेव कासावीस झाला.

गोठ्यापुढे तालीम सुरू झाली. टँगोत पुरुष पुढे चालतो, बाई उलट्या पावली मागे सरते. जगदेवने तिला धरलं आणि सवयीने नजर जमिनीवर लावली. न जाणो, पायाखाली सोयाबीन यायचं! चाल झकास जमली. पण कुंपणापाशी वळायची वेळ आली आणि घात झाला. पिकाची ओळ संपली की बैल वळवायचा, एवढंच त्याच्या अंगाला माहीत. त्याने जिभेने चक् चक् केलं, तिचा खांदा दाबला आणि ओरडला, "हो हो! फिर!"

"मी काय बैल हावो?" रंगूबाई कडाडली. "सोडा मले!"

"सोडू कसा? वैजूनं सोडू नोको म्हटलं हाये!"

कुंपणापलीकडे मोहनसिंगने कान टवकारले. तो गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. वर्षभरात एक धड भांडण हाती न लागल्याने बेजार झालेला. अर्धी समिती गोळा करून तो अंगणात हजर!

"जगदेवभाऊ, या वयात बाईमानसावर हात?"

"नाचून राह्यलो, बाप्पा!"

"असं नाचतेत? दाखव मंग!"

जगदेवने रंगूबाईला पुन्हा धरलं. लोकांसमोर त्याचे पाय एकमेकांत असे अडकले की रंगूबाईला हसू आवरेना. तिने पदर खोचला. "सरका! तुमी मांगं चाला, मी पुढं येतो."

आणि ती निघाली, ताठ मानेने! जगदेव उलट्या पावली इतका अलगद सरकत गेला की समितीने टाळ्या वाजवल्या. कुठे वळायचं हेही त्याला सांगावं लागलं नाही.

"मंग पुण्याले येतं नं?" त्याने हरखून विचारलं.

"येतो. पन असंच नाचीन!"

मोहनसिंग मात्र तोंड पाडून निघाला. "चला रे! तंटा नाही अन नवीन बी काही नाही. रंगूवैनी पुढं अन हा मांगं, हे तं लगनापासून चालूच हाये!"