सुतळीच्या लॅम्पशेडचा बिनतिकीट प्रवास

आपण कोण आहोत हे उत्तमराव स्वतःच सांगत, कारण ते सांगावं असं दुसऱ्या कुणाला अजून वाटलं नव्हतं.

"बीबी गावातला, किंबहुना अख्ख्या लोणार तालुक्यातला, पहिला आणि एकमेव खासगी गुप्तहेर. तीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस. खच्चून भरलेल्या गाडीत फुकट्या प्रवासी मी नुसत्या मानेवरून ओळखला आहे. निष्पाप माणसाची मान सैल असते."

एवढं बोलून ते समोरच्याच्या मानेकडे बघत. समोरचा ती आपोआप ताठ करी, आणि तालुक्यात आणखी एका गुन्हेगाराची भर पडे.

त्यांचा सहायक कडूबा हा निवृत्त कंडक्टर. उत्तमराव कुठल्या फाट्यावर हात दाखवून चढतील, या धास्तीत त्यानं बावीस वर्षं नोकरी केली होती. निवृत्तीनंतर धास्ती गेली. उत्तमराव दिसले की उठून उभं राहायची सवय मात्र गेली नाही. त्या सवयीलाच उत्तमराव 'माझा सहायक' म्हणत. कडूबानं हे पद मागितलं नव्हतं. पण नाकारायला साहेबांसमोर बसून बोलावं लागलं असतं, आणि ते त्याला जमत नव्हतं.

त्या गुरुवारी सकाळी गल्लीतल्या पूनमनं कडूबाला हाक मारली, ती गुप्तहेर पाहिजे म्हणून नव्हे. तिला शिडी पाहिजे होती. पण शिडीच्या मागच्या टोकाला उत्तमराव निघाले, आणि तपास सुरू झाला.

प्रकरण असं होतं. पूनम घरच्या घरी लॅम्पशेड करायची. मोठा फुगा फुगवायचा, सुतळी मैद्याच्या दाट खळीत बुडवून त्याच्यावर उभी-आडवी गुंडाळायची, दोन दिवस उन्हात वाळवायची आणि मग सुईनं फुगा फोडायचा. आत राहतो तो जाळीदार, लाकडासारखा टणक घुमट. त्याला बांगड्यांच्या काचा, आरसे, जुन्या लुगड्याचा काठ लावला की त्यातून भिंतीवर असा काही उजेड पडे, की बघणाऱ्याला आपली भिंत रंगवायची राहिली आहे हे आठवत नसे. सुलतानपूरच्या फाट्यावर नजीरभाईंचं नवं हॉटेल निघणार होतं. टेबलांवर टांगायला त्यांना बारा शेड हव्या होत्या, आणि नमुना बघायला ते आज चार वाजता येणार होते. नमुना काल संध्याकाळी अंगणातल्या तारेवर होता. सकाळी तार होती.

"दुसरी बनव," कडूबा म्हणाला.

"काका, वाळाले दोन दिवस लागते," पूनम म्हणाली. "आन उद्या सोयाबीनचे पोते येऊन राह्यले. यायनं सांगून ठिवलं हाय, आर्डर भेटली तं समोरची खोली तुही, नाही तं पोत्याची. फुगे, सुतळी, सगळं उचलून मी कुठी जाऊ?"

'यायनं' म्हणजे हर्षलनं, तिच्या नवऱ्यानं. तो वावरात गेला होता.

उत्तमरावांनी डायरी काढली. "कुठून कुठपर्यंत?"

"काय?"

"माल. कुठून निघाला, कुठे उतरणार होता?"

"इथून नजीरभाईच्या हॉटेलात."

"सुटं की लगेज?"

"साहेब," कडूबा हळूच म्हणाला, "लॅम्पशेड हाय ते."

"म्हणजे लगेज." त्यांनी तसं लिहून घेतलं. "घरात माणसं किती?"

"मी, हे आन आत्याबाई."

आत्याबाई म्हणजे पूनमची सासू, रुक्मिणीबाई. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. "कायले शोधून राह्यले, बाप्पा?" त्यांनी विचारलं.

"आजी, वय किती तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग बसा तुम्ही. तुमचं कार्ड चालतं." उत्तमराव कडूबाकडे वळले. "पंच्याहत्तरीपुढे प्रवास मोफत. त्यांना तपासण्यात वेळ घालवायचा नाही. नवशिके तिथेच चुकतात."

रुक्मिणीबाईंनी दोघांकडे बघितलं आणि चहा ठेवायला त्या आत गेल्या. चुलीशेजारच्या कोपऱ्यात शिंकं टांगलेलं होतं. त्यातला दुधाचा गंज, म्हणजे छोटं पातेलं, त्यांनी खाली घेतला, दूध ओतलं आणि गंज परत वर ठेवला. शिंक्याखाली मांजर बसलं होतं. ते वर टक लावून होतं. घरात शिस्तीत तपास तेवढं एकटंच करत होतं, पण हे कडूबाला नंतर सुचलं.

पहिला संशय गोविंदावर. गोविंदाचं गावात बिजलीच्या सामानाचं दुकान. प्लॅस्टिकच्या शेड विकतो, म्हणजे धंद्याचं वैर. उत्तमराव दुकानात शिरले आणि थेट मानेकडे बघून थबकले. मान ताठच्या ताठ होती, कारण तिला पट्टा बांधला होता.

"कधीपासून आहे हे?"

"आठ दिवस झाले, काका. बुलढाण्याच्या डॉक्टरनं देल्ला. मान वर होत नाही, खाली होत नाही."

"मग तारेवरची लॅम्पशेड दिसली कशी?"

"दिसलीच नाही ना बाप्पा. तेच तं सांगून राह्यलो."

बाहेर पडल्यावर उत्तमरावांनी डायरीतलं गोविंदाचं नाव खोडलं. "कडूबा, खरा गुन्हेगार आपली मान झाकतो. फक्त पट्टा घालून शेड काढता येत नाही, एवढ्यावरच तो सुटला."

परत आल्यावर दुसरा चहा झाला. तोवर त्यांना अंगणात सुतळीचा वीतभर तुकडा सापडला होता, आणि त्यावरून दुसरा सिद्धान्त: सुगरण पक्षी. विहिरीकाठच्या बाभळीवर त्यांची घरटी होती. विणकाम तसंच, आकारही साधारण तोच. शेड उसवून धागा धागा पळवला गेला होता.

"साहेब, खळ वाळल्यावर ते सुतळी कुऱ्हाडीनं तुटत नाही," कडूबा म्हणाला.

"म्हणून ओली असताना नेली."

"ओली होती तवा आत फुगा होता. फुटला नाही?"

उत्तमरावांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं पूर्वी चिल्लर कमी भरल्यावर बघत. कडूबा शिडी धरून उभा राहिला. साहेबांनी बाभळीवर चढून तीन घरट्यांची झडती घेतली. एकात अंडी निघाली. तिन्हींत सुतळी नव्हती. काटे मात्र साहेबांना बरेच सापडले, आणि ते काढण्यात तिसरा चहा गेला.

तीन वाजता हर्षल वावरातून आला. आता उत्तमरावांच्या डोळ्यांत चमक होती.

"कुठून कुठपर्यंत?"

"वावरातून घरी."

"मध्ये कुठे उतरलास?"

"टपरीवर. तंबाखू घेतली."

"खोलीत पोती कुणाला ठेवायची आहेत? तुला. शेड सापडली नाही तर खोली कुणाला? तुला. कडूबा, दार लाव."

कडूबानं दार लावलं नाही. कारण पूनम दाराशी उभी होती, आणि हर्षलकडे बघत होती. सकाळपासून उत्तमरावांचं एकही वाक्य तिनं मनावर घेतलं नव्हतं, हे घेतलं.

"तुमी नेलं?" तिनं विचारलं.

"मी?" हर्षल म्हणाला. "मले लपून काई करता येते का? मागच्या साली तुह्या वाढदिवसाची साडी घेऊन आलो, तं फाट्यावरूनच फोन करून रंग सांगून टाकला."

पूनमनं विचार केला. ते खरं होतं. नवऱ्यावर संशय घ्यायला निदान थोडं कसब असलेला नवरा लागतो. ती खाटेवर बसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

"कायले शोधून राह्यले, सांगसान तं खरं?" रुक्मिणीबाईंनी आतून विचारलं.

"आजी, तुमचं झालं," उत्तमराव म्हणाले.

चारच्या ठोक्याला नजीरभाईंची मोटारसायकल अंगणात थांबली. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा पुडा, आणि घाई. कडूबानं त्यांना स्वयंपाकघरासमोरच्या पडवीत बसवलं. पूनम पदर सावरून पुढं आली.

"नजीरभाई, माफ करा. नमुना होता, पन..."

"पूनमताई, फिकर कायची? मी पाहून राह्यलो ना."

"काय पाहून राह्यले?"

नजीरभाई स्वयंपाकघरात बोट दाखवत होते. तिथं रुक्मिणीबाई चौथ्या चहासाठी गंज काढत होत्या.

"ते शिंकं हाय," कडूबा ठामपणे म्हणाला. बावीस वर्षांत तो साहेबांसमोर पहिल्यांदाच ठामपणे काही बोलत होता.

मग सगळेच आत गेले. कोपऱ्यात सुतळीचा घुमट उलटा, तोंड वर करून लटकत होता. तीन दोऱ्या, वर एक गाठ. कडेला हिरवा काठ, खाली आरसे. घरात त्या जागी चाळीस वर्षं शिंकं होतं, म्हणून सकाळपासून तिथं सगळ्यांना शिंकंच दिसत होतं.

"आत्याबाई," पूनमनं विचारलं, "हे तुमी घेतलं?"

"घेतलं म्हंजे? माह्यासाठीच तं केलं तू." रुक्मिणीबाईंना प्रश्नच कळला नाही. "जुनं शिंकं उंदरानं कातरलं, चार रोज सांगून राह्यली. काल पाह्यलं तं तारेवर नवं लटकेल व्हतं, माह्याच हिरव्या लुगड्याचा काठ लावेल. म्हटलं, सून बोलत नाही, पन ध्यानात ठेवते. मले लई बरं वाटलं माय."

पूनमनं त्या हिरव्या काठावरून बोट फिरवलं.

"मग दिवसभर बोलल्या काऊन नाही?" हर्षलनं विचारलं.

"दोनदा इचारलं, कायले शोधून राह्यले म्हून. हे म्हनते, तुमचं कार्ड चालते."

सगळे उत्तमरावांकडे बघू लागले. ते डायरीत लिहीत होते. "माझा रोख सुरुवातीपासून घरातल्या माणसावर होता," ते म्हणाले. कडूबानं मनातल्या मनात हिशेब केला: मुद्देमालातला गंज सकाळपासून तीनदा त्यांच्यासमोर खाली-वर झाला होता, आणि तीनदा त्यातल्या दुधाचा चहा साहेबांनी 'साखर जास्त आहे' असं म्हणत प्यायला होता.

नजीरभाईंचं मात्र या कशाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी गंज बाजूला ठेवायला लावला, खिशातला मोबाइल काढला, त्याची बत्ती लावून तो आत ठेवला आणि खाली बसून वर बघितलं. काळवंडलेल्या छतावर जाळीची नक्षी पसरली.

"सुभानअल्ला. पाहा, बल्ब डोळ्यात जातच नाही. दुसऱ्या हॉटेलात गिऱ्हाईक एक डोळा मिटून जेवते." ते उठले. "ताई, मले असेच बारा पाह्यजे. तोंड वर. दोऱ्या अशाच, गाठी बी अशाच. पंधरा दिवसांत होतीन?"

"हाव," पूनम म्हणाली, आणि मग त्या गाठीकडे बघून तिचा चेहरा उतरला. ती गाठ तिला येत नव्हती. तिनं सासूकडे बघितलं.

"शिंक्याची गाठ हाय ते," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "माह्या मायनं शिकवली. कोनाले सांगितली नाही अजून." आणि मांजराला पायानं बाजूला सारून त्यांनी दूध ओतलं.

शुक्रवारी दुपारी सोयाबीनचा ट्रॅक्टर दाराशी आला. हर्षल पाठीवर पोतं घेऊन समोरच्या खोलीत शिरला. सहा फुगे जमिनीवर होते, खळीचं घमेलं मध्ये, आणि आजवर ज्या खोलीला स्वतःच 'रिकामपनाचा पसारा' म्हणत आल्या होत्या त्या खोलीत रुक्मिणीबाई पाय पसरून बसल्या होत्या.

"असा नाही माय, डाव्या हातानं," त्या पूनमला सांगत होत्या. "आन फुगा मोठा घे. गंज बसला पाह्यजे."

"आत्याबाई, यात गंज नाही, बल्ब ठिवाचा हाय."

"बल्बाले कोन खाते? त्याले शिंकं कायले?" असं म्हणून त्यांनी गाठ आणखी आवळली.

हर्षल ओझ्यानं वाकला होता. "पोते कुठी ठिवू?"

"बाहेर," दोघी म्हणाल्या.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासू-सून एका तोंडानं काही बोलल्याचं घरात पहिल्यांदाच घडत होतं. हर्षल पोत्यासकट वळला आणि जाताना दार ओढून घेतलं, वाऱ्यानं फुगे उडू नयेत म्हणून.