ऐकून पाहा, मगच घ्या

जानेवारीत ओरिन सँडविक टीव्हीचा आवाज स्पीकरांतून दणक्यात ऐकवणारा जुना रिसीव्हर विकत घ्यायला व्हर्न माकीच्या तळघरात उतरला, तेव्हा सोफ्यावर आधीच दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. दोघांनी बूट वर दाराशी काढले होते आणि दोघांच्या मांडीवर ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशच्या ताटल्या होत्या. टीव्हीवर आइस हॉकीची मॅच रंगली होती. पाचही स्पीकर दणदणत होते.

"बसा," व्हर्न म्हणाला. "क्लेटनचं ऐकून व्हायचंय अजून."

"कधीपासून ऐकताहेत?"

"ऑक्टोबरपासून," क्लेटनच म्हणाला. आयुष्यभर शाळेची बस चालवून तो निवृत्त झाला होता, आता त्याला कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं. "वस्तू जुनी आहे. पारखून घेतलेली बरी."

"आणि हे?"

"मी रूडी. माझा नंबर त्याच्यानंतर."

ओरिन बसला. व्हर्नने त्याच्याही हातात ताटली दिली.

बायको लॉइस वारली त्याच हिवाळ्यात ओरिनचा रिसीव्हर जळला होता. त्याआधी डुलुथमधल्या त्याच्या तळघरात शनिवारी पाय ठेवायला जागा नसे. लॉइस लिंबाच्या वड्या भाजायची, मित्र ओरडायचे, आवाजाने वरच्या कपाटातले कप किणकिणायचे. मग माणसं येईनाशी झाली. ओरिनने शांतपणे विचार केला आणि ठरवलं, की दोष रिसीव्हरचाच असणार. तो निदान बदलता येत होता.

मॅचच्या तीन भागांपैकी दुसरा पिरियड संपताच तो उठला. "मला पसंत आहे. घेतो मी."

क्लेटनचा काटा तोंडापाशी थांबला. "घेतो म्हणजे? आज?"

"जाहिरातीतल्या किमतीला."

व्हर्नने क्लेटनकडे पाहिलं, क्लेटनने रूडीकडे. या गावात तोंडावर कोणी कोणाला नाही म्हणत नाही.

"वा," व्हर्न म्हणाला. "छान झालं."

"रूडी, तुमची काही हरकत?" ओरिनने विचारलं.

"छे, छे. माझी कसली हरकत!" गाडी बर्फात रुतल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात रूडी म्हणाला.

तिसरा पिरियड सुरू झाला होता. व्हर्नने एकेक वायर काढली. आवाज आधी मागून गेला, मग बाजूने, शेवटी समोरून. जड डबा मात्र तिघांनी मिळून ओरिनच्या गाडीत ठेवला आणि "जपून जा हं" असंही सांगितलं.

घरी सगळं जोडून झाल्यावर ओरिनने जुन्या मित्रांना फोन लावले. डेलचा गुडघा दुखत होता. लायल हिवाळाभर ॲरिझोनात मुलीकडे होता. मग ओरिन एकट्यानेच मॅच बघायला बसला. गोल झाला आणि मागच्या स्पीकरमधून हजारो माणसं ओरडली. त्याने चटकन वळून पाहिलं. मागे कपडे वाळवायचं मशीन होतं.

सकाळी त्याने जाहिरात टाकली : 'रिसीव्हर विकणे आहे. ऐकून पाहा, मगच घ्या. शनिवारी या.'

शनिवारी बेल वाजली. दारात क्लेटन, रूडी आणि झाकलेली हॉटडिश घेऊन व्हर्न.

"जाहिरात वाचली," व्हर्न म्हणाला. "आधी कोणाचा होता?"

"एकाच माणसाचा. चांगला होता बिचारा. मी जरा घाई केली."

"हं," म्हणत व्हर्न बूट काढायला वाकला.

दुसऱ्या पिरियडनंतर ओरिनने भीतभीतच विचारलं, "मग? कसा वाटतो?"

व्हर्नने पाय लांब केले. "मागचा डावा स्पीकर जरा दबका वाटतोय. पुढच्या शनिवारी परत ऐकावं लागेल."

"आधी माझा नंबर आहे," क्लेटन म्हणाला.

ओरिन कॉफी आणायला वर गेला. कपाटातले कप किणकिणत होते. त्याला कॉफीची आठवणच राहिली नाही. तो कपाटाला हात लावून नुसता उभा राहिला.

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. दारात एक बाई होती, मागे तिची गाडी चालूच होती.

"रिसीव्हर आहे ना अजून? ऐकायचं वगैरे काही नको हो मला. पैसे आणलेत, लगेच घेऊन जाते."

"वा, छान," ओरिन म्हणाला. "आधी गाडी बंद करून या. बूट इथे काढा. तुमचा नंबर चौथा."