धाकट्या ट्रॅक्टराची खरेदी आणि मामांची बैलजोडी

श्रीविघ्नहर्ता प्रसन्न असो, डिझेल निर्भेळ मिळो, आणि ऐकणाराचे पदरीं शहाणपण थोडक्यांत पडो. शके एकोणीसशें एकोणचाळीस, हेमलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासीं द्राक्षबागांचे एका राज्यांत घडलें तें वर्तमान ऐसें. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण सोयरेधायरे हयात आहेत आणि वाचतातही. प्रथम लाभ कोणाचा होणार होता तें सांगतों. हैबती दलाल म्हणोन नदीपलीकडील बैलबाजारांतील जुना मुत्सद्दी, त्यानें मनीं हिशेब मांडिला कीं ट्रॅक्टर विकणाराकडून दलाली घ्यावी, घेणाराकडून दलाली घ्यावी, आणि ट्रॅक्टर घरीं आला म्हणजे बैल गोठ्यांत उगेच कडबा खात उभे राहतील, ते आपणच मातीमोल उचलावे. ऐसा तिन्हीं बाजूंनीं लाभ धरून तो दरबारीं आला आणि बोलणें निघण्यापूर्वीं दोनदां चहा प्याला.

राज्याचे धनी श्रीमंत रायाजीराव. त्यांचे बागेंत वेलींचे दोन ओळींमधील वाट अरुंद, थोरला ट्रॅक्टर शिरला तर द्राक्षें आणि खांब दोन्हीं घेऊन बाहेर पडे, म्हणोन धाकटा पाहिजे. नवा घ्यावा तर खजिन्यास घाम फुटे, म्हणोन वापरलेला पाहावा ऐसी मसलत ठरली. तेव्हां हैबतीनें अर्ज केला कीं नदीपलीकडे नाईकांकडे एक आहे, रंग ऐसा कीं काल कारखान्यांतून निघाला म्हणावें. श्रीमंत संतोष पावले आणि हुकूम केला कीं ट्रॅक्टर बागेंत चालता जाहला कीं बैलजोडी हैबतीचे हवालीं करावी. हा हुकूम ऐकोन श्रीमंतांचे मामा तुळाजीराव यांचे तोंडचें पाणी पळालें. हरण्या आणि गुलब्या ही जोडी मामांनीं वासरें असतां हातानें दूध पाजोन वाढविली होती, मामांस मूलबाळ नाहीं, जें होतें तें गोठ्यांत होतें. मामा त्या दिवशीं जेवले नाहींत. म्हणजे दुपारीं जेवले नाहींत, रात्रीं पिठलें होतें तेव्हां जेवले.

परंतु त्या राज्यांत चार पायांचें कांहींही मामांनीं पारखिल्यावांचून घेत नसत, आणि ट्रॅक्टरास चाकें चार, म्हणोन पारखही मामांकडेच आली. मग श्रीमंत, मामा आणि हैबती जीपेंत बसोन निघाले आणि भर दुपारीं नाईकांचे वस्तीवर पोंचले. नाईक वृद्ध आणि सरळ गृहस्थ. ट्रॅक्टर सकाळपासून शेतांत राबोन नुकताच आंगणांत उभा राहिला होता. मामांनीं इंजिनावर हात ठेविला तों चटका बसला. तेव्हां नाईक बोलिले, "आज राहूं द्या, महाराज. उद्यां पहाटे या. रात्रभर थंड पडल्यावर सुरू करून दाखवितों. त्याचें जें कांहीं आहे तें पहाटेंसच कळतें." यावर मामा बोलिले, "नाईक, आमची बैलाची रीत निराळी. जनावर आधीं चालवून आणायचें, अंग मोकळें जाहलें कीं मग पाहायचें. तुम्ही यास आणखी एक फेरी मारून आणवा." नाईकांनीं हैबतीकडे पाहिलें आणि हैबती आभाळाकडे पाहूं लागला.

मग पारख आरंभिली. श्रीमंतांनीं आसनावर बसोन पाहिलें, हॉर्न वाजविला, आरशांत मिशी पाहिली आणि पसंती दिली. मामा मात्र कसूर करिते ना. पुढील चाक जॅकवर उचलोन बैलाचा खांदा हालवावा तैसें हालविलें तों खडखडलें. नवा रंग नखानें खरवडिला तों खालीं गंज निघाला. तेलाची पट्टी ओढोन तेल बोटांवर चोळिलें, ताकासारखें पांढरें तर नाहीं, म्हणजे आंत पाणी शिरलें नाहीं, हें पाहोन मान डोलाविली. चढावर ओझें लावोन धूर पाहिला, निळा असता तर तेल जळतें ऐसें ठरतें, तो नव्हता. मग मागील माती फोडणारा रोटाव्हेटर लिफ्टनें वर उचलविला, इंजिन बंद करविलें आणि खासा मामा त्यावर बसोन पान खाऊं लागले, तों पान संपते वेळीं मामांचे पाय भुईस लागले, म्हणजे लिफ्ट गळते हें सिद्ध जाहलें. शेवटीं हा कोठें गहाण तर नाहीं ऐसें पुसलें. नाईकांनीं नोंदणीचें पुस्तक दाखविलें, बँकेचें कर्ज फिटल्याचें पत्र दाखविलें आणि पुन्हां म्हणाले कीं पहाटे आला असतां तर बरें होतें. तें कोणीं मनावर घेतलें नाहीं.

मग हैबतीनें आपलें उपरणें श्रीमंत आणि नाईक यांचे हातांवर टाकिलें आणि खालीं बोटें दाबोन भाव ठरला. चाक, गंज आणि लिफ्ट यांपायीं भाव बराच उतरला, श्रीमंत मनांत फुलले. येथें त्या बाजाराचा रिवाज सांगणें आहे. ज्या दलालाचें उपरणें हातांवर पडलें, त्यानें घेणाराचे रानांत जाऊन पहिली जुंपणी करून द्यावी, आणि जनावर अडलें तर तो हंगाम सरेतों रोज येऊन तें चालतें करावें. हैबतीनें शेंकडों बैल ऐसे जुंपोन दिले होते, त्यास तें अवघड वाटलें नाहीं.

त्याच सांजे ट्रॅक्टर घरीं आणिला. दुसरे दिवशीं पहाटे दाट धुकें पडलें. ऐसे धुक्यांत मण्यांवर डावणीची बुरशी बसते, म्हणोन ऊन चढण्यापूर्वीं ट्रॅक्टराचे पंपानें औषध फवारणें आवश्यक. ट्रॅक्टरास हार घातला, नारळ फोडिला आणि श्रीमंतांनीं किल्ली फिरविली. इंजिन कण्हलें, पांढरा धूर टाकिला आणि निवांत राहिलें. पुन्हां फिरविली तों बॅटरीही निवांत राहिली. अवघ्यांनीं हैबतीकडे पाहिलें. हैबतीनें नाईकांस फोन लाविला. नाईक इतकेंच बोलिले कीं मी पहाटे या म्हणालों होतों, आणि फोन ठेविला. पूर्वेस तांबडें फुटूं लागलें आणि वर्षाचें पीक डोळ्यांदेखत जातें कीं काय ऐसा प्रसंग गुदरला. तेव्हां मामा न बोलतां गोठ्यांत गेले आणि हरण्या-गुलब्यांस घेऊन आले. लांब दोर बांधिला, ट्रॅक्टर विहिरीचे उतारावर आणिला, हैबतीस बैलांपुढें धांवावयास लाविलें आणि श्रीमंतांस गिअर टाकोन क्लच दाबोन बसविलें. बैलांनीं उतारावर ओढ घेतली, मामांनीं हांक दिली, श्रीमंतांनीं क्लच सोडिला आणि ट्रॅक्टर दोन आचके देऊन धडधडूं लागला. मग दिवसभर उत्तम चालला. दुसरे पहाटे पुन्हां तैसाच निवांत.

शहरांतील मिस्त्रीनें पाहोन सांगितलें कीं आंतील पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, गरम असतां कळत नाहीं, थंडींत उघडें पडतें, आणि इंजिन खोलावें तर चार आठवडे लागतील. हंगाम ऐन भरांत, म्हणोन तें काम काढणीपुढें ढकललें. यावर हैबतीनें हळूच आठवण दिली कीं ट्रॅक्टर बागेंत चालता जाहला आहे, आतां जोडी द्यावी. तेव्हां राणीसाहेब गोजराबाई ओसरीवरून बोलिल्या, "न्या कीं, हैबतीभाऊ. मात्र उद्यां पहाटे तो दोर तुमच्याच गळ्यांत बांधावा लागेल." हैबतीनें मागणें गिळलें.

संध्याकाळीं राणीसाहेबांनीं मामांस चहा दिला आणि पुसलें, "मामा, खरें सांगा. इंजिन थंड पाहावें लागतें हें तुम्हांस ठाऊक नव्हतें?"

मामा बशींत फुंकर घालीत बोलिले, "सूनबाई, मला बैलांतलें कळतें."

सारांश, वापरलेला ट्रॅक्टर पाहावयास जावें तर न कळवितां भल्या पहाटे जावें, प्रथम इंजिनावर हात ठेवावा, आणि तें गरम लागलें तर विकणाराचा चहा पिऊन परत यावें. झाला खर्च तो ऐसा: श्रीमंतांस भाव उतरल्यानें जें उरलें तें मिस्त्रीकरितां बाजूस ठेवावें लागलें. नाईकांचें कांहीं गेलें नाहीं, ते खरें बोलिले होते. मामांची जोडी गोठ्यांत राहिली. हैबती हंगामभर रोज पहाटे नदी ओलांडून बैलांपुढें धांवला, आणि त्याचें काम बैल करितात म्हणोन त्यांची पेंडही त्यानेंच घालावी ऐसें मामांनीं ठरविलें, तेव्हां दोन बाजूंनीं घेतलेली दलाली हरण्या आणि गुलब्या यांनीं द्राक्षें उतरेतों खाऊन संपविली.