सरूआक्का काही मरेना

आमच्या शेजारचे गोविंदराव सुतक पाळतात ते वहीतल्या माणसांचं. मला हे ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. सप्ताहाचं विचारायला त्यांच्या ओट्यावर गेलो, तर दाढी वाढलेली, डोक्याला तेल न्हाई. म्हणाले, "बापू, तीन दिवस मला देवळात येता येत न्हाई. पाटील गेले."

मी टोपी काढून खाली बसलो. "लई चांगला माणूस," म्हणलो. "मागल्या बाजारी सेनगावला भेटले व्हते. घरच्यांची चौकशी केली."

गोविंदराव माझ्याकडं बघतच राहिले. "भेटले कसे? ते तर माझ्या दुसऱ्या वहीतले हायेत."

मी हार मानणाऱ्यातला न्हाई. "मग तो त्यांच्यासारखा दुसरा असंल," म्हणलो आणि चहा पिऊनच उठलो.

गोविंदराव जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. रिटायर झाल्यापासून एकच कादंबरी लिहून राहिलेत. सकाळी लिहायचं, दुपारी मला वाचून दाखवायचं. गावातल्या शिकलेल्या लोकांनी एकेकदा ऐकलं आणि जायची वाट बदलली. मी त्या चहानंतर ऐकायला बसलो अन् टिकलो. मला वाटायचं, आपल्याला समज जास्त. दर पानाला ते विचारतात, "बराबर हाय का न्हाई?" मी मान हलवायच्या आधी जरा थांबतो. लगेच हलवली तर किंमत राहत न्हाई.

नोकरीचा गुण म्हणा, त्यांची माणसं मरतात जनावरांच्या रोगानं. पाटील पोटफुगीनं गेले. एका सावकाराला फऱ्या झाला. मी म्हणलो, "गोविंदराव, फऱ्या गोऱ्ह्याला होतो."

"त्याची लायकी तेवढीच व्हती."

मला पटलं.

पण सरूआक्का काही मरेना. पहिल्या वहीपासून अख्खं घर तिच्या डोक्यावर. सातव्या वहीत ती जाणार, तिच्या मातीला परागंदा झालेली लेकरं येणार, भावाभावांचं भांडण मिटणार आणि गोष्ट संपणार, असं ठरलेलं. ती मेल्याशिवाय पुढचं पान लागत नव्हतं. रोज सकाळी ते तिला अंथरुणावर निजवायचे आणि दुपारी मला वाचून दाखवेपर्यंत ती उठून भाकरी थापत बसायची.

आता मरणातलं गावात कुणाला कळत असेल तर मला. तिरडी बांधायला मलाच बोलावतात, माझी गाठ सुटत न्हाई. म्हणून मी सल्ला द्यायला लागलो.

"वीज पाडा."

"तिच्यावर? काहून?"

"मग ट्रॅक्टर उलटवा."

"ती ट्रॅक्टरवर कशाला चढंल, बापू?"

"मग साप तरी चावू द्या की."

"तिनं कुणाचं काय वाकडं केलं?"

असा महिना गेला. एका दुपारी तर आक्कानं पोतंभर ज्वारी पाखडली. मी म्हणलो, "गोविंदराव, ही बाई आपल्या दोघांला पोचवून मग जाईल."

ते हसले न्हाईत. वही मिटली. म्हणाले, "बापू, जनावरं लई मरताना बघितली. माणूस एकबी न्हाई. तुमी बघितलंय."

मला कळलं गाडी कुठं चालली ती.

आठ वर्षांमागं वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या मंडळींच्या, छातीत कळ आली. गोविंदराव वसमतकडं लसी टोचायला गेलेले. मीच जीप करून वहिनींना हिंगोलीला न्यायला निघालो. हिंगोली यायच्या आधीच त्या गेल्या. संध्याकाळी अंगणात माणसं जमली आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी सांगितलं, "वहिनींनी हात जोडले, विठ्ठल विठ्ठल म्हणल्या अन् डोळे मिटले." बाया रडल्या. मला बरं वाटलं. मग मी ते दहाव्याला सांगितलं, तेराव्यालाही सांगितलं, दर वेळी जरा वाढवून.

"तुमचं ते विठ्ठल विठ्ठल," गोविंदराव म्हणाले, "मी सरूआक्काच्या तोंडात घालून बघितलं. बसून न्हाई राहिलं. मग आमच्या हिच्या तोंडात कसं बसलं?"

आठ वर्षं एवढा माणूस गप होता. मी इकडं तिकडं बघितलं. माझ्या बोलण्यावर शंका घेतलेली मला चालत न्हाई, पण उठताही येईना.

"तसं न्हाई म्हणल्या," मी म्हणलो.

"मग?"

"म्हणल्या, भाऊजी, ह्यांना कळलं का? मी म्हणलो, कळलं, येऊन राहिलेत." टोपी काढून मांडीवर ठेवली. "फोन लागलाच नव्हता, गोविंदराव. तेबी खोटंच."

"मग काय म्हणली?"

"म्हणल्या, फटफटीवर हायेत, रस्ता खराब हाय. सावकाश या म्हणाव. मग काही बोलल्या न्हाईत."

गोविंदरावांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. मग विचारलं, "सावकाश म्हणली?"

"सावकाश म्हणल्या."

ते लिहायला लागले. एकदाही थांबले न्हाईत. पान भरलं तेव्हा वही माझ्यापुढं केली. आजवर मला वाचून दाखवायचे, त्या दिवशी म्हणाले, "आज तुमीच वाचा बापू. माझ्यानं व्हायचं न्हाई."

माझी शाळा दोन यत्तांची. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. पानाच्या शेवटी सरूआक्का गेली, तरी बोट उचलेना. बऱ्याच वेळानं मी गोविंदरावांना सांगितलं की जोडाक्षरं फार घातलीत, म्हणून वेळ लागून राहिला.