साबाताचं मयत

मालूसीने आपल्या मित्राला, साबाताला, मंगळवारी मारलं. मारलं म्हणजे तोंडानेच. बायकोला म्हणाला, "शनिवारी जरा उशीर होईल. आपला साबाता गेला."

"अगं बाई! कशाने?"

"अचानक," मालूसी म्हणाला. (पुढचं काही सुचलं नव्हतं.)

बटरवर्थ गावात शनिवारी काळा कोट घालून निघालेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. शनिवार मयतांचाच; माणूस केव्हाही मेला तरी तिथे पुरतात शनिवारी. खरं तर त्याला जायचं होतं जनसुनावणीला. ई-सिगारेटवर कायदा येणार होता, तिचा आंब्याचा स्वाद बंद होणार होता, आणि लोकांचं म्हणणं ऐकायला समिती गावात येणार होती. वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानदाराने बस ठरवली होती. पिवळा टी-शर्ट फुकट, जेवणाला कोंबडी, आणि बोलणाऱ्याला पहिलं ताट. मालूसी लगेच बोलायला तयार झाला.

हॉलमध्ये प्रार्थना झाली आणि अध्यक्षबाईंनी पहिलं नाव त्याचंच पुकारलं. त्याने कोटाची बटणं सोडली. आतला पिवळा टी-शर्ट झळकला.

"नियम करा, पण वाजवी करा," तो म्हणाला. "पोरांना विकू नका, कबूल. पण मी साधी सिगारेट सोडली ती ई-सिगारेटच्या जोरावर. मोठ्या माणसाला मोठ्यासारखं वागवा. मोठा माणूस काही चोरून ओढत नाही!"

टाळ्या पडल्या. मालूसीला स्वतःचं फार कौतुक वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून लाल ब्लाऊज आणि पांढरी टोपी घातलेली एक बाई उठली. चर्चच्या महिला मंडळाचा तो पोशाख रोज त्याच्याच घरात दोरीवर वाळायचा. तो कोटाची बटणं लावत खाली बसला.

"मी नोबान्तू," बाई म्हणाली. "आत्ता बोलले ते माझे मिस्टर. ते सध्या मयताला गेलेत."

हॉल खदखदला.

"गुरुवारी आम्ही बायका मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत साबाताभाऊंच्या घरी सांत्वनाला गेलो. दार साबाताभाऊंनीच उघडलं. अर्ध्या चड्डीत होते."

मंडळाच्या बायका दुःखाच्या घरी जातातच. गावातलं पोरही हे सांगेल. मालूसीच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. तो बसल्या जागी जेवढा लहान होता येईल तेवढा झाला.

नोबान्तू मात्र आता हसत नव्हती. "दोन हिवाळे झाले, हे तासन् तास संडासात बसतात. विचारलं की म्हणतात, पोट बरं नाही. मी काढे केले. यांना काहीतरी मोठं दुखणं आहे आणि माझ्यापासून लपवतायत, असं वाटून मी उपास धरले, रडले. गुरुवारी साबाताभाऊंनी सांगितलं, वहिनी, तो आत वेप ओढतो, आणि शनिवारी सुनावणीत बोलणार आहे. बाई, मी बंदी मागत नाही. एवढाच नियम करा, की लग्न झालेल्या माणसाने बायकोसमोर ओढावी."

"हे वाजवी आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मालूसीला रडू येईल असं वाटलं. लोक हसले त्याचं काही नव्हतं. ती उपाशी असायची तेव्हा हा आत आंब्याचा धूर सोडत होता, या लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिलं ताट समोर आलं, पण घास उतरेना.

बाहेर पिवळ्या टी-शर्टवाल्यांनी त्याला बसमध्ये चढूच दिलं नाही. "अरे बाबा, तू आमचा माणूस की त्यांचा?" मंडळाच्या गाडीच्या दारात नोबान्तू उभी होती. त्याने खिशातून वेपची नळी काढून तिच्या हातात दिली.

"मला कशाला?" तिने ती त्याच्याच खिशात परत घातली. "माझ्यासमोर ओढा. आणि मयताला जायचं होतं ना? बसा मागे."

मागच्या सीटवर साबाता होता. मालूसीचं कोंबडीचं ताट त्याच्या मांडीवर होतं आणि तो निवांत हाड चोखत होता. मालूसीकडे न बघता त्याने सूर लावला, आणि सगळ्या बायकांनी गाणं उचललं. शवपेटी खड्ड्यात उतरवताना म्हणतात ते.

मालूसी चर्चच्या गानवृंदात खालचा सूर धरायचा. सवयीने त्याने आताही तोच धरला.